डेटाबेस आणि संकेतस्थळ-साधन यांचा सांधा : शब्दसंग्रहाच्या दृष्टीने एक परीक्षण

शब्दसंग्रह संकेतस्थळावर आणावयाचा म्हटले की दोन यंत्रणांची गाठ घालावी लागते. शब्द साठविणारा व मागितल्यावर शोधून देणारा डेटाबेस ही एक. वाचकापुढे पान मांडणारे, त्याच्याकडून शब्द स्वीकारणारे फ्रेमवर्क ही दुसरी. ह्या दोहोंची जोडणी ही केवळ अभियंत्याची बाब आहे, असा समज रूढ आहे. मार्गदर्शक पुस्तिकांतही तिला चारसहा ओळींपलीकडे जागा मिळत नाही : डेटाबेसचे नाव, वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, आणि काम झाले. परंतु शब्द म्हणजे काय, दोन शब्द एकच केव्हा मानावयाचे आणि कोणता आधी, कोणता नंतर, हे तीन प्रश्न ह्याच सांध्यावर निकालात निघतात. ते भाषाशास्त्राचे प्रश्न आहेत. त्यांचा निकाल यंत्राच्या पूर्वनिश्चित पर्यायांवर सोपविणे कितपत योग्य, हे येथे तपासावयाचे आहे.

ह्या तपासणीला यवतमाळ जिल्ह्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल. येथे प्रमाण मराठीच्या जोडीला वऱ्हाडी आहे, बंजारा समाजाची गोरमाटी आहे, गोंडी आहे, आणि केळापूर, मारेगाव, झरी-जामणी ह्या तालुक्यांतील पोडांवर बोलली जाणारी कोलामी आहे. कोलामी ही द्राविड कुलातील भाषा होय. एमेनो ह्यांनी १९५५ मध्ये प्रसिद्ध केलेले तिचे वर्णन शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील बोलीवर आधारलेले आहे. ह्या भाषांचे शब्द एका कोशात आणावयाचे झाल्यास नागरी लिपी सर्वांना पुरेल, असे वरवर वाटते. अडचण लिपीत नाही. लिपी यंत्रात कशी साठविली जाते, ह्यात आहे.

पहिला प्रश्न अक्षरांच्या सुरक्षिततेचा. यूटीएफ-८ ह्या पद्धतीत ‘क’ हे अक्षर तीन बाइटांत साठविले जाते. फ्रेमवर्कने हे तीन बाइट पाठविले, पण जोडणीवर लॅटिन-१ ही संकेतपद्धती घोषित झाली असेल, तर डेटाबेस त्यांना तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हे समजतो आणि पुन्हा यूटीएफ-८ मध्ये लिहितो. एका ‘क’चे सात बाइट होतात. मायएसक्यूएलमध्ये लॅटिन-१ हाच पूर्वनिश्चित पर्याय २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत होता. असा बिघाड उलट क्रमाने दुरुस्त करता येतो. तथापि, नागरी मजकूर लॅटिन-१ मध्ये रूपांतरित होऊन प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह साठविले गेले, तर मूळ शब्द कायमचा नष्ट होतो. टिपणवही हाताशी नसेल, तर वृद्ध भाषकाने सांगितलेला तो शब्द पुन्हा मिळेलच असे नाही.

ह्या बाबतीत नव्या साधनांना श्रेय दिले पाहिजे. २००५ मध्ये सार्वजनिक झालेले जँगो हे फ्रेमवर्क सर्व मजकूर युनिकोड मानून चालते आणि जोडणीवर तशी घोषणा स्वतः करते. पूर्वी प्रत्येकाला स्वतंत्रपणे ठेचकाळून शिकावे लागणारा हा धडा त्याने अनावश्यक करून टाकला. परंतु अक्षरे सुरक्षित राहिली म्हणजे शब्द सुरक्षित राहिला, असा निष्कर्ष काढणे घाईचे होय.

दुसरा प्रश्न समानतेचा. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र चिन्ह म्हणून २००८ मध्ये आले. तत्पूर्वीच्या मजकुरात ते ‘अ’ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले असते. ‘ऱ्य’मधील अर्धा ‘र’ही दोन वेगळ्या क्रमांनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे एकच दिसतात, यंत्राला नाहीत. आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणाचे नियमही ह्या जोड्यांना एक करीत नाहीत. ‘वऱ्हाडी’ हा शब्द एका रीतीने नोंदविला आणि वाचकाने दुसऱ्या रीतीने शोधला, तर कोशात तो नाहीच असे उत्तर मिळू शकते. जँगो वापरकर्त्याच्या नावाचे प्रमाणीकरण करते, कोशातील शब्दाचे मात्र आपण होऊन करीत नाही. प्रवेशद्वाराची काळजी घेतली आणि भांडाराची घेतली नाही, असा हा प्रकार आहे.

ह्याच्या उलट दोष मायएसक्यूएलच्या आठव्या आवृत्तीत आढळतो. तिचा पूर्वनिश्चित तुलनानियम स्वरचिन्हांवरील आघात गौण मानणारा आहे. युनिकोडच्या सर्वसाधारण अनुक्रमात अनुस्वारालाही असेच दुय्यम स्थान आहे. परिणामी ‘चिता’ आणि ‘चिंता’ समान ठरतात. शीर्षशब्द एकदाच यावा अशी अट घातलेली असेल, तर ‘चिता’ नोंदविल्यावर ‘चिंता’ला प्रवेशच मिळत नाही. फ्रेंच शब्दांच्या शोधात सोयीचा असलेला नियम मराठीत अर्थाचा लोप करतो.

येथे एक आक्षेप संभवतो. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांनी अनुच्चारित अनुस्वार काढून टाकले. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’ अशी रूपे सर्वत्र आहेत. ‘नाव’ शोधणाऱ्याला ‘नांव’ही मिळावयास हवे असेल, तर अनुस्वाराकडे दुर्लक्ष करणारा नियम उपयुक्तच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. पण त्यातूनच खरा भेद स्पष्ट होतो. शोधातील समानता वेगळी आणि ओळखीतील समानता वेगळी. शोधणाऱ्यापुढे चार संभाव्य रूपे ठेवणे हा उदारपणा होय. दोन शब्दांना एकच शब्द ठरविणे ही चूक होय. वऱ्हाडीत ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. शोधात दोन्ही भेटावेत, परंतु कोशात दोन्ही नोंदी आपापल्या जागी राहाव्यात. तुलनेचा एकच पर्याय सर्व कामांना लावणारी जोडणी हा भेद जाणत नाही.

तिसरा प्रश्न अनुक्रमाचा. जँगोचा नवा प्रकल्प आरंभी एसक्यूलाइटशी जोडलेला असतो, आणि एसक्यूलाइट शब्दांची तुलना निव्वळ बाइटांवरून करतो. शालेय वर्णमालेत ‘ह’नंतर येणारा ‘ळ’ त्यामुळे ‘ल’ला लागून बसतो. युनिकोडमध्ये ‘ॲ’चा क्रमांक नागरी अंकांच्याही पुढचा असल्याने ‘ॲसिड’ हा शब्द स्वरांत न येता ‘ह’च्या सर्व शब्दांमागे जातो. कोलामीत ऱ्हस्व व दीर्घ ‘ए’, तसेच ऱ्हस्व व दीर्घ ‘ओ’ अर्थभेदक आहेत. ऱ्हस्वांसाठी ‘ऎ’, ‘ऒ’ ही चिन्हे युनिकोडमध्ये आहेत. पण त्यांचे कोशातील स्थान कोलामीच्या अभ्यासकानेच ठरविले पाहिजे. ते बाइटांनी ठरविले, तर तो अनुक्रम कोणत्याच भाषेचा राहत नाही.

उपाय उपलब्ध आहेत. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून भाषानिहाय अनुक्रम वापरता येतात, त्यांत मराठीचाही आहे; २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीपासून स्वतःचे नियमही लिहिता येतात, म्हणजे कोलामीचा मार्गही मोकळा आहे. जँगोमध्ये स्तंभागणिक तुलनानियम सांगण्याची सोय २०२१ पासून आहे. साधनांत सामर्थ्य नाही, अशी तक्रार म्हणून करता येत नाही. तक्रार अशी की ते सामर्थ्य मागितल्याखेरीज पुढे येत नाही, आणि मागावे काय हे ज्याला माहीत आहे तो भाषाभ्यासक जोडणीच्या वेळी हजर नसतो. तो येतो तेव्हा हजारो नोंदी झालेल्या असतात.

सारांश, शब्दसंग्रहाच्या प्रकल्पात पहिली नोंद होण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरल्या पाहिजेत : प्रत्येक अक्षराचे एकच स्वीकृत संकेतरूप, ओळखीचा काटेकोर आणि शोधाचा सैल असे दोन स्वतंत्र नियम, आणि प्रत्येक भाषेचा वर्णानुक्रम. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ वर्णमालेच्या शेवटी ठेवावयाचे की ‘क’ व ‘ज’ च्या जोडाक्षरांत, ह्यावर मतभेद राहतील, ते राहावेतही. निर्णय मात्र चर्चेने झाला पाहिजे. तो कोणी घेतलाच नाही, तरी यंत्र घेतेच, आणि त्याच्या निर्णयामागील कारण पुढील अभ्यासकाला कोणत्याही प्रस्तावनेत वाचावयास मिळणार नाही.