विद्युत्-आघात, रक्तातील एंझाइमे आणि जव्हार-मोखाड्याचा रुग्ण

मनोविकाराची खूण रक्तात सापडावी, ही वैद्यकशास्त्राची जुनी आकांक्षा होय. तीव्र मनोविकृतीच्या रुग्णांच्या रक्तद्रवात क्रिएटिन कायनेज व आल्डोलेज ही एंझाइमे वाढलेली आढळतात, असे १९६८ साली हर्बर्ट मेल्ट्झर यांनी 'सायन्स' या नियतकालिकात दाखवून दिले, तेव्हा त्या आकांक्षेस बळ आले. निरीक्षण खोटे नव्हते. त्यावरून काढावयाचा अर्थ मात्र तपासून घेणे अवश्य आहे.

क्रिएटिन कायनेज मेंदूत असते तसे स्नायूंतही विपुल असते, आणि अशा रुग्णांच्या रक्तात वाढतो तो प्रामुख्याने स्नायूंतील प्रकार. १९३८ साली रोम येथे चेर्लेत्ती व बिनी यांनी योजिलेला विद्युत्-आघात स्नायुशिथिलकावाचून दिला असता झटक्याने स्नायू पिळवटून निघतात. स्नायूत दिलेले इंजेक्शन, रुग्णास बांधून ठेवणे, फार काय, अंगमेहनतही हा आकडा वाढविते. तेव्हा आघातानंतरच्या वाढीत मनोविकाराचे रहस्य शोधणाऱ्याने ही सारी कारणे आधी वजा केली पाहिजेत.

पालघर जिल्ह्यातील जव्हार वा मोखाडा तालुक्यातून एखादा वारली वा कातकरी रुग्ण या उपचारासाठी शहरात आला, तर ही वजाबाकी अधिकच बिकट होते. भातलावणीचे कष्ट आकडा चढवितात. उपासमारीने झडलेले स्नायू तो उतरवितात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी येथील कुपोषण उभ्या महाराष्ट्रास दाखविले. पोटभर जेवणाऱ्या शहरवासीयांवरून ठरविलेली प्रमाणमर्यादा अशा देहास जशीच्या तशी लावणे शास्त्रीय नव्हे.

या रुग्णाच्या दृष्टीने खरे महत्त्व निराळ्याच एंझाइमास आहे. यकृतात तयार होणारे रक्तद्रवातील कोलिनएस्टरेज हे सक्सिनिलकोलिन या स्नायुशिथिलकाचे काही मिनिटांत विघटन करते. तीव्र कुपोषण, यकृतविकार, काही कीटकनाशकांची विषबाधा किंवा आनुवंशिक दोष यांमुळे ते उणे पडू शकते. मग औषधाचा अंमल लांबतो आणि रुग्णास अधिक काळ कृत्रिम श्वासोच्छ्वास द्यावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल व स्नायुशिथिलक यांवाचून विद्युत्-आघात देण्यास मनाई केली, हे सर्वथा योग्यच झाले. परंतु त्यामुळेच रुग्णाचे वजन, आहार व फवारणीशी आलेला संबंध यांची आधी चौकशी करणे, आणि शंका येताच हे एंझाइम मोजणे, हे कर्तव्य ठरते.

आघातानंतरचा आकडा संशोधकाच्या जिज्ञासेस उपयोगी पडेल. आघातापूर्वीचा आकडा रुग्णाच्या श्वासाशी निगडित आहे. संशोधनाचा क्रम यावरून ठरावा.