न झालेल्या द्वंद्वांचे व्याकरण

मॅक्सिमस आणि वॉलेस यांचे द्वंद्व झाले असते तर कोण विजयी झाला असता, असा प्रश्न आमच्या पदव्युत्तर वर्गातील दोघा विद्यार्थ्यांनी चर्चेच्या ओघात उपस्थित केला, आणि तासाचा उरलेला वेळ त्याच वादात गेला. पहिला ‘ग्लॅडिएटर’ (२०००) या चित्रपटाचा नायक. दुसरा ‘ब्रेव्हहार्ट’ (१९९५) चा. अशा वादांना पोरखेळ म्हणून बाजूस सारण्याची आपल्या विद्वानांत रीत आहे. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाही. तथापि वाद घालणाऱ्यांची पद्धतही त्यास मान्य नाही, आणि ती का नाही हे सांगणे अगत्याचे वाटते.

प्रथम वाक्याचे रूप पाहावे. मराठीत संकेतार्थाच्या दोन्ही अंगांत क्रियापद एकाच रूपात येते: ‘लढला असता, तर जिंकला असता.’ कारण घडले नाही व कार्यही घडले नाही, एवढे हे रूप सांगते. ते कोणत्या सृष्टीत घडले नाही, याविषयी ते मौन पाळते. ‘१२९८ साली फॉल्कर्कच्या लढाईत वॉलेस जिंकला असता तर’ असे म्हणताना इतिहासाची सारी सृष्टी जागच्या जागी राहते, केवळ एक घटना आपण बदलतो. मॅक्सिमस आणि वॉलेस यांना समोरासमोर आणताना मात्र बदलण्यासाठी एक समान सृष्टीच उपलब्ध नसते. मार्कस ऑरेलिअस आणि कॉमोडस हे सम्राट खरे, पण त्यांच्यामध्ये वावरणारा हा सेनानी सर्वस्वी कल्पित आहे. वॉलेस ऐतिहासिक आहे. १३०५ साली लंडनमध्ये त्याला देहदंड झाला.

पण वाद ज्याच्याविषयी चालतो तो हा वॉलेस खचितच नव्हे. १२९७ च्या स्टर्लिंगच्या लढाईत इंग्रज सैन्याचा काही भाग अरुंद पूल ओलांडून आल्यावर स्कॉट लोकांनी त्यावर घाला घातला. जयाचे मर्म त्या पुलात होते. चित्रपटातील लढाईत पूलच नाही. तेथे उघड्या मैदानावर लांब भाल्यांनी घोडदळ अडविले जाते. म्हणजे एकाच नावाखाली दोन व्यक्ती नांदत आहेत. वाद करणारे बाहुबल एकीकडून घेतात, आणि सत्यतेचा भार दुसरीवर टाकतात. ही नावाची चोरी वर्गात कोणाच्याच ध्यानी आली नव्हती, याचे मला नवल वाटले.

प्रश्न मात्र नवा नाही. अलेक्झांडर इटलीवर चालून आला असता तर रोमची काय गत झाली असती, याचा विचार लिव्हीने आपल्या इतिहासाच्या नवव्या खंडात मूळ कथानक थांबवून केला आहे, आणि निकाल अर्थातच रोमच्या बाजूने दिला आहे! आपल्या उद्योगपर्वात भीष्म दोन्ही पक्षांच्या वीरांची रथी-अतिरथी अशी गणना करतो. कर्णाला तो अर्धरथी म्हणतो, आणि भीष्म जिवंत आहे तोवर लढणार नाही, अशी प्रतिज्ञा कर्ण करतो. येथे तुलना ही रिकाम्या वेळची करमणूक राहत नाही. एक मोठा योद्धा तिच्यामुळे कित्येक दिवस रणाबाहेर राहतो. व्यास प्रतवारीचे परिणाम दाखवितो. आमचे विद्यार्थी केवळ प्रतवारी करतात.

त्यांच्या प्रतवारीचा आधार असा की, चित्रपटात जो अधिक लढती जिंकतो तो अधिक बलवान. पण चित्रपटातील जय कथेच्या सोयीने मिळतो. ‘ग्लॅडिएटर’मधील अखेरची लढत सुरू होण्यापूर्वीच कॉमोडस बांधलेल्या मॅक्सिमसला भोसकतो, जखम चिलखताखाली झाकली जाते. त्या लढतीवरून कोणाचे बळ मोजावयाचे?

याहूनही बोलके उदाहरण ‘स्पार्टाकस’ (१९६०) या चित्रपटातील आहे. कापुआच्या आखाड्यात आलेल्या रोमन पाहुण्यांच्या हौसेखातर मरेपर्यंतच्या दोन लढती लावल्या जातात. आखूड तलवार घेतलेल्या स्पार्टाकससमोर जाळे व त्रिशूळ घेतलेला ड्राबा उभा राहतो. (भिन्न शस्त्रांच्या योद्ध्यांची अशी जुळणी करणे हा रोमन आखाड्याचा प्रघातच होता, ‘कोण जिंकेल’ या प्रश्नाचा तो रीतसर धंदा होता असे म्हणावयास हरकत नाही.) या लढतीत नायक हरतो. त्रिशूळ त्याच्या गळ्याशी येतो. पण ड्राबा त्याला मारीत नाही. तो त्रिशूळ वर बसलेल्या प्रेक्षकांच्या दिशेने फेकतो, त्यांच्याकडे चढू लागतो आणि मारला जातो. पुढचे बंड या पराभवातून उगवते. प्रतवारीच्या न्यायाने पाहता येथे स्पार्टाकस गुण गमावतो. कथेच्या न्यायाने त्याचे नायकत्व येथूनच सुरू होते.

भाषेच्या अभ्यासकास आणखी एक गोष्ट खटकावी. याच ड्राबाने पूर्वी स्पार्टाकसला आपले नाव सांगण्याचे नाकारलेले असते. उद्या ज्याला मारावे लागेल त्याच्याशी नावाची ओळख नको, हा त्याचा हेतू. न झालेल्या द्वंद्वांचा सारा खेळ नावांवर चालतो: दोन नावे घ्यावयाची, मध्ये ‘विरुद्ध’ हा शब्द ठेवावयाचा. ‘विरुद्ध’ या शब्दाची किंमत ड्राबाला ठाऊक होती.

पुढच्या तासाला मी त्या दोघांना हा प्रसंग दाखविला आणि त्यांची यादी पुन्हा मांडावयास सांगितली. यादी आली. तीत स्पार्टाकस चौथा होता. ड्राबाचे नाव नव्हते.