शिट्टी आणि श्रद्धांजली

२०२२ च्या डिसेंबरात लावणी दोनदा बातमीत आली. १० डिसेंबरला सुलोचना चव्हाण गेल्या. त्यांना पद्मश्री मिळून वर्षही झालं नव्हतं. डोक्यावरून पदर घेऊन, माइकसमोर सरळ उभं राहून, नुसत्या गळ्यातल्या ठसक्यावर सगळी लावणी उभी करणारी ही बाई. आचार्य अत्र्यांनी दिलेली 'लावणीसम्राज्ञी' ही पदवी त्या दिवशी घराघरांत पुन्हा उच्चारली गेली. त्याच हिवाळ्यात धुळे जिल्ह्यातल्या सिंदखेड्याच्या गौतमी पाटील हिच्या हावभावांवरून राज्यभर गदारोळ चालला होता. ज्येष्ठ लावणी कलावंतांनी तिला खडसावलं, तिनं जाहीर माफी मागितली, आणि तिचे कार्यक्रम होते त्याच्या दुपटीनं गाजू लागले.

दोन्ही बातम्यांवर बोलणारा रसिक एकच होता. सकाळी त्यानं सुलोचनाबाईंचं गाणं स्टेटसला ठेवलं, दुपारी कट्ट्यावर 'लावणीची वाट लागली' म्हणून सुनावलं आणि रात्री ज्या चित्रफितीवर तो चिडला होता, तीच पुन्हा लावून पाहिली. यात ढोंग आहेच, पण तेवढ्यावर थांबलं तर हाताला फारसं काही लागत नाही. कलाकाराची भानगड झाली किंवा कलाकार गेला, की हा रसिक जागा होतो. एरवी, म्हणजे कला रोज उभी राहत असते त्या काळात, तिच्याबद्दल बोलायला त्याच्याकडे काही नसतं. लावणीला प्रेक्षक आहे, चर्चा आहे, पुरस्कार आहेत. समीक्षा नाही.

कोल्हापुरात हे जास्त खटकतं, कारण हे गाव बघण्यात कच्चं नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान बांधलं आणि त्याला लागूनच १९१५ मध्ये पॅलेस थिएटर, म्हणजे आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. मैदानात कुस्ती लागली की कडेला बसलेला साधा शेतकरी ढाक कुठे चुकली, घिस्सा का बसला नाही, एकचाकाला दम कुठे कमी पडला हे शेजाऱ्याला समजावून सांगतो. एखाद्या पैलवानाची भानगड बाहेर आली तरी कुस्ती हा खेळच वाईट असं इथं कोणी म्हणत नाही. त्याच माणसाला लावणीबद्दल विचारा. 'नादखुळा' किंवा 'थिल्लर' यापलीकडे तिसरा शब्द सहसा निघत नाही.

आणि या जिल्ह्यानं तर लावणीला केवढं दिलंय. 'सांगत्ये ऐका' (१९५९) करणारे अनंत माने कोल्हापूरचे. 'पिंजरा'ची (१९७२) गाणी लिहिणारे जगदीश खेबुडकर कोल्हापूरचे. 'नटरंग' ही कादंबरी लिहिणारे आनंद यादव कागलचे, आणि तिचा नायक गुणा कागलकर. 'चंद्रमुखी'चे लेखक विश्वास पाटीलही याच जिल्ह्यातले. आज शाळेच्या गॅदरिंगला ज्या लावण्यांवर मुली नाचतात, त्यातल्या कितीतरींचं मूळ शोधत गेलं तर वाट पंचगंगेच्या काठाला येते. पण हे सगळं मुख्यतः पडद्यावरचं आणि पुस्तकातलं. बारीवर, फडात, प्रत्यक्ष माणसासमोर जी लावणी होते तिचं बोट या गावानंही कधीच सोडलं.

आधी भानगडीचं पाहू. तमाशावर अश्लीलतेचा शिक्का आजचा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांनी दाद मागितल्यावर ती उठली, आणि तमाशा 'सुधारण्यासाठी' दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. म्हणजे सरकारदरबारी या कलेची पहिली मोठी नोंद झाली ती गुन्हेगाराला सुधारगृहात घालावं तशी. पुढे २००५ मध्ये राज्यानं डान्सबार बंद केले, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती बंदी रद्द ठरवली, तरी वाद पुन्हा तसाच रंगला: नाचणारी बाई संस्कृती बिघडवते का? तिच्यासमोर नोटा घेऊन बसलेल्याबद्दल सहसा प्रश्न विचारला गेला नाही.

गौतमी पाटीलच्या प्रकरणात तर प्रेक्षकच बातमी होता. सांगली जिल्ह्यातल्या बेडगला लोक शाळेच्या छतावर चढले आणि कौलं फुटली. २०२३ च्या गणेशोत्सवात कोल्हापूर पोलिसांनी तिच्या कार्यक्रमांना परवानगी नाकारली, ती गर्दी आणि बंदोबस्ताच्या ताणाचं कारण देऊन. त्याच वर्षी फेब्रुवारीत ती कपडे बदलत असताना कोणीतरी चोरून चित्रण केलं आणि ते पसरवलं. गुन्हा दाखल झाला. गावोगावच्या कार्यक्रमांत कलावंतांची कपडे बदलण्याची खोली म्हणजे पुष्कळदा चार बांबूंना बांधलेली कनात असते. बाहेर हजारोंचा जमाव, आत ट्यूबलाइटच्या उजेडात घाईघाईनं नऊवारी नेसणाऱ्या पाच-सहा मुली, आणि मध्ये एका कापडाची जाडी. त्या कापडाबद्दल, म्हणजे आयोजकानं कलाकाराला किमान काय दिलं पाहिजे याबद्दल, त्या महिन्यात किती रसिक बोलले? ते चित्रण पुढे पाठवणारे मात्र भरपूर निघाले. नंतर तिच्या 'पाटील' या आडनावावरही आक्षेप घेतला गेला. नाचावर टीका करता करता लोक किती चटकन जातीवर येतात, ते त्यातून उघड झालं.

इतर नृत्यांमध्ये भानगडी होत नाहीत असं थोडंच आहे. मॉस्कोच्या बोल्शॉय बॅलेचे कलासंचालक सर्गेई फिलिन यांच्या तोंडावर जानेवारी २०१३ मध्ये ॲसिड फेकलं गेलं, आणि त्या कटासाठी त्याच संस्थेतला एक नर्तक तुरुंगात गेला. यापेक्षा मोठं लांच्छन कोणतं? पण बॅले बंद करा, बॅले ही मुळात असभ्य कला, असं जगात कोणी म्हटलं नाही. आपल्याकडे २०२३ मध्ये चेन्नईच्या 'कलाक्षेत्र' या नृत्यसंस्थेतल्या विद्यार्थिनी लैंगिक छळाच्या तक्रारी घेऊन आंदोलनाला बसल्या, एका अध्यापकाला अटक झाली. तेव्हाही बोट संस्थेकडे गेलं, भरतनाट्यमकडे नाही. बॅलेला आणि भरतनाट्यमला समीक्षक आहेत, शिकवण्याची ठरलेली रीत आहे, कोणाची 'जिझेल' कशी होती यावर वर्षानुवर्षांचं लेखन आहे. माणूस चुकला तर त्या माणसाचा हिशेब होतो, कला शाबूत राहते. लावणीत एका मुलीचा एक हावभाव चुकला की अख्खी लावणी आरोपीच्या पिंजऱ्यात.

यामागे जात आहे हे शैलजा पाईक यांनी 'द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट' (२०२२) या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. तमाशातल्या बाया बहुतेक महार, मांग, कोल्हाटी समाजांतल्या. अश्लील हा शिक्का नाचावर बसण्याआधी नाचणारीवर बसलेला असतो. भरतनाट्यम देवदासींच्या हातून उच्चवर्णीय घरांत गेलं आणि 'शुद्ध' झालं. लावणीचंही तेच होतंय, फक्त ते चित्रपटातून होतंय: गाणं सोवळं झालं, गाणारीची वस्ती तिथंच राहिली. किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर'मध्ये (१९९४) त्या वस्तीचं जे वास्तव आहे, ते वाचून हळहळलेला वाचक आणि बारीत दौलतजादा करणारा रसिक यांची गाठ क्वचितच पडते.

पुरुषही यातून सुटले नाहीत. पडद्यावर नाच्या रंगवून महाराष्ट्राला हसवणारे गणपत पाटील (१९२०-२००८) कोल्हापूरचे. संसारी माणूस. पण भूमिका इतकी हुबेहूब वठली की लोकांनी ती त्यांच्या अंगालाच चिकटवली, आणि कुचेष्टेची झळ घरापर्यंत गेली. नाच्याची लचक, बोलण्यातला हेल, टाळी देण्याची वेळ, हे सगळं कमावलेलं तंत्र होतं. ते तंत्र म्हणून पाहणारा डोळाच नसेल, तर अभिनय हा पुरावा ठरतो.

आता हळहळीचं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १५ जानेवारी २००२ रोजी गेल्या. १९५७ आणि १९९० अशी दोनदा राष्ट्रपतिपदकं मिळालेल्या या बाईच्या शेवटच्या दुखण्यात पैशांची चणचण होती. नंतर सरकारनं त्यांच्या नावानं तमाशातल्या जीवनगौरवाचा लाखो रुपयांचा पुरस्कार सुरू केला. वाईच्या यमुनाबाई वाईकर १५ मे २०१८ रोजी, शंभरी ओलांडून गेल्या. स्वतःचा फड उभा करणाऱ्या कांताबाई सातारकर मे २०२१ मध्ये करोनात गेल्या, आणि त्या वेळी तमाशाचा लागोपाठ दुसरा चैत्र कोरडा गेला होता. फडाचं वर्ष दसऱ्याला सुरू होतं, पण घर चालतं ते गुढीपाडव्यानंतरच्या जत्रांवर. नारायणगावला फडांच्या राहुट्या पडतात, गावकरी सुपारी द्यायला येतात, तारखा ठरतात. २०२० आणि २०२१ मध्ये हे सगळं ठप्प झालं. त्या दोन वर्षांत कोण ढोलकी सोडून मजुरीला गेलं, कोणत्या फडानं ट्रक विकला, कोणत्या लावण्या गाणारं कोणी उरलं नाही, याची मोजदाद मृत्युलेखांत येत नाही.

प्रत्येक मृत्युलेखात 'एक पर्व संपलं' असतं. त्या पर्वात होतं काय, ते नसतं. यमुनाबाई बैठकीची लावणी गात. गाणारी बसलेली, पायाला काम नाही. ध्रुपदाची एक ओळ ती घेते. पहिल्यांदा नुसती सांगते, बोटं मांडीवर ठेका धरतात. दुसऱ्यांदा मान जराशी वळते आणि ओळीतला तो कोणी पुरुष दाराशी उभा असल्यासारखा वाटू लागतो. तिसऱ्यांदा तीच ओळ रुसव्याची, भुवई एकच चढलेली, पदराचं टोक दातांत. चौथ्यांदा कीव, पाचव्यांदा थट्टा. शब्द एकही बदललेला नसतो. शेवटी ती समेवर नजर टाकते, ढोलकीवाला तोडा वाजवतो आणि खोली सुटते. यालाच अदा म्हणतात. ही विद्या कुणी कुणाला दिली, यमुनाबाई ती ओळ कशी फोडत आणि सत्यभामाबाई पंढरपूरकर कशी, हे लिहून ठेवण्याचं काम आपल्या मासिकांनी केलं नाही. म. वा. धोंडांच्या 'मऱ्हाटी लावणी'सारखा ग्रंथ शाहिरांच्या रचनेवर आहे. रामजोशी, होनाजी, परशराम यांच्या यमकांवर प्राध्यापकांनी पानंच्या पानं लिहिली. ज्या तोंडांनी ती यमकं जगवली, त्यांच्या वाट्याला चार ओळींची बातमी.

कोल्हापूरला हळहळता येत नाही असं मात्र म्हणता येणार नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगमंच, लाकडी छत, आतलं सारं जळालं, आणि खासबागेच्या बाजूलाही झळ पोचली. रात्रीत माणसं रस्त्यावर आली, थोराड नट लहान मुलांसारखे रडले, जयंती जळक्या वास्तूसमोरच झाली, आणि नाट्यगृह होतं तसंच उभं राहिलं पाहिजे ही मागणी इतकी एकमुखी निघाली की शासनाला निधी जाहीर करावा लागला. ही ताकद खरी आहे. केशवराव स्वतः स्त्रीभूमिकांनी गाजलेले, 'शारदा' म्हणून लहानपणीच नावाजलेले. स्त्रीवेषातल्या त्या नटाला गाव 'संगीतसूर्य' म्हणतं, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही, कारण केशवराव गात कसे आणि उभे कसे राहत याच्या आठवणी तीन पिढ्यांनी सांगून सांगून टिकवल्या. बोलणं टिकलं म्हणून आदर टिकला.

लावणीबाबत असे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. नव्वदच्या दशकात अकलूजला राज्यस्तरीय लावणी स्पर्धा सुरू झाली. परीक्षक बसू लागले, घरंदाज म्हणवणाऱ्या बायका समोर येऊन पाहू लागल्या, आणि निदान एका मांडवात तरी ढोलकी, गायन, अदा यांना वेगवेगळे गुण असतात हे लोकांना कळलं. सुरेखा पुणेकरांनी 'नटरंगी नार' नाट्यगृहात आणलं. भूषण कोरगावकरांनी 'संगीत बारी' (२०१४) हे पुस्तक लिहिलं, सावित्री मेधातुल यांनी माहितीपट केला, आणि दोघांनी मिळून शकुंतलाबाई नगरकरांसारख्या बारीतल्या कलावंतांना शहरी प्रेक्षकांसमोर बसवलं. तिथं बाई लावणी करते आणि मध्ये थांबून तिचा अर्थ, तिची युक्ती सांगतेही. पाहणारा हसतो, लाजतो, आणि बाहेर पडताना अदांबद्दल बोलतो. शिट्टी तिथंही वाजते, फक्त ती कशाला वाजली हे वाजवणाऱ्याला ठाऊक असतं.

या प्रयत्नांची अडचण एवढीच की ते मुंबई-पुण्याकडे सरकले. कोल्हापूरच्या दैनिकांत मोठ्या कुस्तीचा वृत्तांत डावांसकट छापून येतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर गावोगाव जे तमाशे होतात, त्यांच्याबद्दल पोलीस बंदोबस्ताखेरीज ओळ येत नाही. त्या फडात गणगौळण अजून होते की थेट रेकॉर्डवरच्या गाण्यांनी सुरुवात, वग किती मिनिटांवर आला, ढोलकीवाला कोणाचा शागीर्द, 'चंद्रमुखी' चित्रपटातल्या 'चंद्रा'च्या फर्माइशीनंतर एखादी जुनी छक्कड घ्यायला गाणारीला वाव मिळतो का, हे कोणीतरी समोर बसून, नावानिशी लिहायला हवं. वाईट असेल तर वाईट म्हणून, कारणासकट लिहायला हवं. गौतमी पाटीलचं नाचणं लावणीच्या मोजमापात कुठे बसतं आणि कुठे नाही, हेही अशा लेखनातूनच ठरेल. पोलिसांच्या परवान्यावरून ते ठरत नाही. नव्या नाट्यगृहाचा पडदा उघडेल तेव्हा पहिल्या वर्षाच्या तारखांत संगीत नाटकांबरोबर बैठकीच्या लावणीच्या चार-सहा रात्री घालणं महापालिकेला आणि इथल्या नाट्यसंस्थांना अवघड नाही. शकुंतलाबाईंच्या पिढीच्या बाया आज गातायत, विचारलं तर सांगतायत. त्यांना बोलावण्याची पत्रं आताच जायला हवीत, आणि समोरच्या रांगेत वही घेऊन बसणारा एक माणूसही आताच नेमायला हवा.