हातातला वाटाड्या

ट्रेकसाठी जीपीएस यंत्र निवडावं कसं? मी बँकेतला माणूस. आधी शिल्लक बघतो. इथली शिल्लक म्हणजे सेल. गार्मिनची तिन्ही यंत्रं दोन-दोन पेन्सिल सेलवरच चालतात, पण भूक निराळी. 'ईट्रेक्स टच ३५' १६ तासांत ताट रिकामं करतं, '२२-एक्स' २५ तासांत; आणि २०२३ साली आलेल्या 'एसई'ला तेवढंच १६८ तास पुरतं! अर्थात हे कंपनीचे आकडे. कर्जाच्या अर्जातल्या उत्पन्नासारखे थोडे कापूनच धरावेत.

टचचा पडदा देखणा. पण सह्याद्रीतल्या पावसात ओल्या बोटाला तो दाद देईलच, असं नाही. एसई काटकसरी, पण पोटात नकाशाच नाही. नुसता बाण! हरिश्चंद्रगडावर धुक्यात हा बाण सरळ खालचं गाव दाखवील. मध्ये कोकणकडा आहे, हे त्याच्या गावीही नसतं.

म्हणून माझं मत २२-एक्सला. बटणं आहेत, नकाशाही आहे. मात्र गडाचा नकाशा घरूनच भरून न्यावा, आणि उंचीच्या रेषा दाटीवाटीनं आल्या की तिथे कडा समजावा. आपण कुठे आहोत, एवढंच यंत्र सांगतं. पाऊल कुठे टाकू नये, हे ज्याचं त्यानंच बघायचं!