विठ्याही, विठाबाईही

जनाबाईचे अभंग वाचताना एक गोष्ट मुद्दाम पाहत जावी. देवाला हाक कोणत्या चरणात आली आहे? नावे तर जागोजागी येतात, पण देवाविषयी बोलताना घेतलेले नाव आणि त्याला हाक मारताना तोंडून निघालेले नाव यांत फरक असतो. हाक मारायची तर समोर कोणीतरी असावे लागते, निदान ऐकण्याच्या अंतरावर. देवाला कोणत्या नावाने हाक मारावी, कोणते नाव शुद्ध, कोणत्या नावाने तो लवकर पावतो, हे भाविकांचे प्रश्न जुने आहेत आणि मनापासूनचे आहेत. मी त्यांची उत्तरे शोधायला जनाबाईकडे जातो. तिने या विषयावर निरूपण केलेले नाही. तिने हाका मारल्या आहेत, आणि त्या नीट ऐकल्या तर निरूपणाची उणीव भासत नाही.

गोदाकाठच्या गंगाखेडची ही मुलगी पंढरपुरात दामाशेटींच्या घरी कामाला राहिली. त्यांचा मुलगा नामदेव संत झाला आणि जनी ‘नामयाची दासी’ झाली. परंपरेप्रमाणे नामदेवांची आणि तिची समाधी एकाच दिवसाची, शके १२७२, म्हणजे इ. स. १३५० मधली. तिच्या नावावरचे साडेतीनशेच्या आसपास अभंग नामदेवांच्या गाथेबरोबर आपल्यापर्यंत आले. दळण, कांडण, झाडलोट, पाणी, शेणी हे तिचे दिवस होते. मंत्राचा अधिकार तिच्या वाट्याला येण्यासारखा नव्हता. शूद्र, त्यात बाई, त्यात दुसऱ्याच्या घरची दासी. देवाला संबोधायची जी भाषा तिच्यापाशी होती ती ओसरीवरची, अंगणातली आणि जात्यापाशी बोलायची. एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘जनी’ हेही मोलकरणीला हाक मारण्याचे तोडके नाव आहे. दिवसभर घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी असलेले ते नाव तिने आपल्या अभंगावर शिक्क्यासारखे उमटवले. आपल्याला जनी म्हणवून घेणारी ही बाई देवाला विठ्या म्हणते, तेव्हा दोन्ही नावे एकाच टाकसाळीतली आहेत हे ध्यानात ठेवावे.

आधी तो चोर पकडण्याचा अभंग घेऊ. पंढरीच्या चोराला तिने धरले, गळ्याला दोर बांधला, हृदयाचा तुरुंग करून त्यात कोंडले, पायांत बेडी घातली, सोहं शब्दाचा मार दिला, आणि शेवटी तो गयावया करू लागला. रूपक सरळ आहे, मुलांनाही कळावे असे. पण बेडी कशाची आहे ते पाहा. लोखंडाची नाही, शब्दांची आहे. बांधणे शब्दाने आणि मारणेही शब्दाने. दासीच्या घरात साखळदंड कुठून येणार? तिच्या मालकीची एकच वस्तू, तोंडातला शब्द. त्या शब्दानेच तिने त्रैलोक्याचा धनी जखडला. नामस्मरणाचा महिमा सांगणारे ग्रंथ पुष्कळ आहेत. ‘नाम तारक आहे’ असे ते सांगतात, म्हणजे नाम आपल्याला सोडवते. जनी उलट्या बाजूने पाहते. तिच्या अभंगात नाम देवाला अडकवते.

त्यातही नावाच्या जागा पाहाव्यात. चोर धरला जातो तेव्हा तो फक्त पंढरीचा चोर असतो. तुरुंगात टाकताना त्याचे नाव कळते, विठ्ठल. बेडी घालतानाही विठ्ठल, तो काकुळतीला येतो तेव्हाही विठ्ठल. इतका वेळ ती त्याच्याविषयी बोलते आहे, गाव जमले असेल तर गावाला सांगते आहे. शेवटच्या चरणात ती एकदम वळते आणि ‘बा’ असे म्हणून त्यालाच हाक मारते. जिवात जीव आहे तोवर सोडणार नाही, हे ती त्याला सांगते. धमकीचे वाक्य आहे आणि त्याच्या आधी ‘बा’ आहे. बापाला, वडीलधाऱ्याला, लाडक्या पोरालाही मराठीत ज्या एका अक्षराने हाक मारतात ते अक्षर. चोर, कैदी, आणि मग बा. चार-दोन ओळींच्या अवकाशात नाते इतके पालटते, आणि ते पालटवण्यासाठी जनीला एका अक्षरापलीकडे काही लागत नाही. ही कारागिरी म्हणून कोणी शिकवली असेल असे मला वाटत नाही. पण ती कारागिरीच आहे, आणि फार वरच्या दर्जाची.

आता दुसऱ्या टोकाचा अभंग, शिव्यांचा. काही संग्रह तो छापताना बिचकले असतील तर नवल नाही. अंगणात उभी राहून जनी विठ्याला शिव्या देते. आई काढते, बायको काढते, मढे काढते. गल्लीतल्या भांडणाची भाषा तिने जशीच्या तशी उचलली आहे, आणि देवाचे नाव पहिल्याच शब्दांत, तेही दोनदा. रागावलेले माणूस आधी नाव घेते, मग बोलते; चोराच्या अभंगात शेवटी आलेली हाक इथे सुरुवातीलाच येते.

पण शिव्या ओळीने वाचत गेलो की आपण गडबडतो. तो कारटा आहे, पण कोणाचा? मूळमायेचा. निर्गुणाला रूप आले ते मायेच्या योगाने, हे वेदान्ताचे पहिले कलम, आणि जनी ते आईवरून शिवी देताना सांगून टाकते. त्याची बायको रंडकी झाली म्हणते आणि त्याच दमात तिच्या हातात जन्मसावित्रीचा चुडा भरते, कधीही न उतरणारा. म्हणजे ज्याला मरण नाही त्याच्या बायकोला वैधव्य कुठले? मढे गेले म्हणते, आणि लगेच सांगते की त्याला पाहून काळच रडतो. प्रत्येक शिवीच्या पोटात स्तुती आहे, आणि ती अशी बसवली आहे की शिवीचा जोर जराही कमी होत नाही. निंदेच्या मिषाने स्तुती करण्याला संस्कृत साहित्यशास्त्रात व्याजस्तुती म्हणतात. इथे मात्र तो अलंकार मला अपुरा वाटतो. व्याजस्तुतीत निंदा नुसते निमित्त असते. जनीचा राग निमित्त नाही. तो खरा आहे, तिला खरोखर काहीतरी मिळालेले नाही. भूक असेल, एकटेपणा असेल, अभंग ते सांगत नाही. राग खरा आणि ज्ञानही खरे, दोन्ही एका श्वासात. ‘विठ्या’ या नावात दोन्ही मावतात. ‘हे जगन्नियंत्या’ असे म्हणून कोणाला भांडता येईल? भांडायला अंगणातले नावच लागते.

शेवटच्या चरणात ती स्वतःकडे बाहेरून पाहते: दासी जनी अंगणात उभी आहे आणि शिव्या देते आहे. मी देते असे ती म्हणत नाही. दासी जनी देते. मालकाच्या अंगणात आवाज चढवायची मुभा दासीला नसते. तिने आवाज चढवला, आपले दासीपण न लपवता चढवला, आणि तो प्रसंग नोंदवून ठेवला.

तिसरा अभंग या दोन्हींहून मृदू आहे, विठाबाईला बोलावण्याचा. इथेही हाक सुरुवातीलाच आहे, ‘गं’ लावून. कमरेवर हात ठेवून उभा असलेला तो पुरुषदेव सरळ बाई होतो, पंढरीची आई होतो. भीमा-चंद्रभागा त्याच्या, नव्हे तिच्या पायांशी वाहणाऱ्या गंगा आहेत. या साऱ्यांसह तू ये आणि माझ्या अंगणात नाच, असे जनी सांगते. मराठी संतांनी विठ्ठलाला माउली म्हणणे ही काही एकट्या जनीची गोष्ट नाही. ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंत सगळ्यांनी ते म्हटले, आणि आजही वारीत माणसे एकमेकांना माउली म्हणून पाया पडतात. पण माउली ही पूज्य असते, थोडी दूरची. ‘बाई’ शेजारच्या घरातली असते. जनीने विठोबाला माउलीहून जवळ, बायकांच्या घोळक्यात आणून बसवले. तिच्या इतर अभंगांतून तो तिच्याबरोबर दळतो, केर भरतो, शेणी वेचतो, तिच्या डोक्यातल्या उवा काढतो. ही बायकांनी बायकांसाठी करायची कामे आहेत. आई लहानपणीच दुरावलेल्या मुलीची वेणी घालायला कोण येणार? विठाबाई. हे नाव सुचलेले नाही, कामातून आलेले आहे.

इथे सहस्रनामाची आठवण होते. महाभारताच्या अनुशासनपर्वात शरशय्येवरचे भीष्म युधिष्ठिराला विष्णूची हजार नावे सांगतात. आपल्याकडच्या असंख्य घरांत ती रोज म्हटली जातात, माझ्याही. त्या नावांना अर्थाची खोली आहे, छंद आहे, शतकांच्या उच्चाराने आलेली झळाळी आहे. मला त्यांच्याविरुद्ध काही म्हणायचे नाही. एवढेच सांगावेसे वाटते की त्या हजारांत विठ्ठल हे नाव नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ च्या ग्रंथात या दैवताचे मूळ गोपजनांत, धनगर-गवळ्यांच्या उपासनेत शोधले. यादीबाहेरचे नाव लोकांनी आधी हाकेत आणले. विष्णूशी, कृष्णाशी त्याची ओळख जुळत गेली. मग यादीबाहेरच्या त्या नावाचेही जनीने विठ्या केले, विठू केले, विठाबाई केले. शास्त्राने दिलेले नाव वापरावे की मनाला येईल ते, असा पेच ज्यांना पडतो त्यांनी हा क्रम पाहावा. पंढरीत तरी हाक आधी आली.

‘विठू’ हे रूप तिच्या त्या लेकुरवाळ्या देवाच्या अभंगात येते. निवृत्ती खांद्यावर, सोपानाचा हात हाती, ज्ञानेश्वर पुढे, मुक्ताई मागोमाग, गोरा कुंभार मांडीवर, असा हा संतांचा गोतावळा अंगाखांद्यावर घेतलेला देव. चित्र इतके लोकप्रिय आहे की त्यावर फार बोलायला नको. मला त्यातली एक रिकामी जागा दिसते: त्या पोरांत जनी नाही. ती पाहणारी आहे. अभंगभर ती विठूविषयी बोलते, आणि शेवटच्या चरणात पुन्हा तेच वळण, ‘गोपाळा’ अशी हाक. गुरे राखणारा आणि पोरे सांभाळणारा, दोघांना एकाच नावात तिने बसवले. स्वतःसाठी जागा मागितली नाही. हाक मारली की ती त्या चित्रात आलीच.

जनीची ही रीत तिच्याबरोबर संपली नाही. गोपाळपुरात आजही तिचे जाते दाखवतात, आणि त्याहून मोठे स्मारक म्हणजे महाराष्ट्रभरच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडी फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्यांत इठ्ठल बाप आहे, भाऊ आहे, रुक्मिणीशी कुरबुर करणारा नवरा आहे, आणि जनीच्या जात्याला हात लावणारा सोबतीही आहे. ज्या नात्याची उणीव, त्या नात्याची हाक. माहेर तुटलेल्या बाईला तो भाऊ होतो. एकाच बाईच्या तोंडी एका सकाळी तीन नावे येतात आणि तिला त्यात कसलीही विसंगती वाटत नाही.

शेवटी तो अभंग, ज्यात सगळेच देव आहे. जनी देव खाते, देव पिते, देवावर निजते, देव देते, देव घेते, देवाशीच व्यवहार करते. इथे-तिथे देव, देवावाचून रिकामी जागा नाही. लहान लहान क्रिया, दिवसभराच्या, आणि प्रत्येकीत तोच एक शब्द. आधीच्या अभंगांतले नातेवाचक सगळे इथे गळून पडले आहे. विठ्या नाही, बा नाही, आई नाही. देव हे तर नावसुद्धा नाही, जातिवाचक शब्द आहे. तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने हा शेवटचा मुक्काम म्हणावा. जिथे भाकरीही देव आणि अंथरूणही देव, तिथे हाक कोणाला मारायची? हाकेला अंतर लागते, आणि इथे अंतर उरलेले नाही. इथवर आलेला साधक गप्प होतो, असे पुष्कळ संप्रदाय सांगतात.

जनी गप्प होत नाही. तिच्या सवयीच्या जागी, शेवटच्या चरणात, ती वळते आणि हाक मारते: विठाबाई. आतबाहेर भरून उरलेल्या त्या देवाला ती पुन्हा नाव देते, तेही आपल्या घरातले, बायकांतले. ज्याला काहीही म्हटले तरी चालले असते, त्याला तिने तेच म्हटले जे केस विंचरायला बसलेल्या बाईला म्हणावे. आणि मग जे भरून उरले आहे ते विठाबाईलाच सांगते, जणू तिला अजून ठाऊक नसावे.