यंत्रमागधारक : एका शब्दाची उकल

इचलकरंजीला लागून असलेल्या कबनूरमध्ये मागांची खडखड गल्लीत ऐकू येते, तर ‘यंत्रमागधारक’ हा शब्द कागदावर भेटतो. निवेदने, बातम्या, वीजदराच्या सवलतीचे अर्ज ही त्याची ठिकाणे. बोलण्यात ‘लूमवाला’, ‘कारखानदार’ पुरतात. म्हणूनच हा लांब शब्द उकलून पाहण्याजोगा आहे.

लिहिताना त्यात सात अक्षरे आहेत : यं-त्र-मा-ग-धा-र-क. उच्चारात पाचच अवयव उरतात : यन्-त्र-माग्-धा-रक्. ‘त्र’मधला अ टिकतो, कारण जोडाक्षराला त्याचा आधार लागतो. ‘ग’मधला गळतो, कारण तिथे ‘माग’ हा शब्द संपतो. लिपी हा सांधा दाखवत नाही. ‘माग’ ज्याला ठाऊक आहे त्याचीच जीभ तिथे नेमकी थांबते. अंत्य अ पूर्ण उच्चारणाऱ्या कन्नड घरातून मराठी शाळेत आलेल्या मुलाला तो सांगावाच लागतो.

अक्षरगणवृत्ताचा हिशेब याहून निराळा. ‘यंत्रमा’ हा र गण, ‘गधार’ हा ज गण, आणि ‘क’ हा उरलेला लघू. गणाची कात्री नेमकी मागावरूनच फिरते! ही अडचण केवळ आपली नव्हे. ‘विकास’ या अर्थाचे फ्रेंच नाम अभिजात पद्यात ‘दे-व-लॉ-प-माँ’ असे पाच अवयवांचे मोजतात; रोजच्या बोलण्यात ते ‘देव्-लॉप्-माँ’ असे तिनांतच संपते. आपले ‘डेव्हलपमेंट’ इंग्रजीमार्गे त्याच घराण्यातून आलेले. पद्याने जपलेला स्वर बोलीने टाकून द्यावा, हे दोन्ही भाषांत घडले आहे.

आता घडण. ‘यंत्र’ आणि ‘धारक’ संस्कृत; मधला ‘माग’ मात्र विणकराच्या घरातला. शेजारच्या कन्नडात मागाला ‘मग्ग’ म्हणतात. ‘हत्थ’चा ‘हात’ व्हावा तशीच ‘मग्ग’ आणि ‘माग’ यांची ठेवण आहे. इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. यंत्र आले नसते, तर जुन्या मागाला ‘हात’ जोडून वेगळे ओळखण्याची गरजच पडली नसती. ‘यंत्रमाग’ म्हणजे यंत्रावर चालणारा माग, हा मध्यमपदलोपी समास. त्याला ‘धारक’ जोडला की तत्पुरुष.

खरा प्रश्न या ‘धारक’पाशी आहे. खातेधारक, शिधापत्रिकाधारक यांच्या पंगतीत बसवणारा हा कचेरीतला प्रत्ययवजा शब्द मालकीचा भास निर्माण करतो. पण व्यापाऱ्याचे सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणाऱ्याच्या हाती माग असतो. सूत त्याचे नसते, कापडही नसते. अनेक माग चालवून स्वतःचे कापड विकणारा आणि हा, दोघांनाही ‘यंत्रमागधारक’ एकाच पंगतीला बसवतो. ही उणीव व्यवहाराने ओळखली आणि शब्दामागे विशेषण लावले : ‘खर्चीवाले यंत्रमागधारक’. कागदी समासाला जे सांगता आले नाही, ते बोलीतल्या एका ‘खर्ची’ने सांगितले.

आपले कोश व्युत्पत्ती देतात. उच्चाराचे अवयव क्वचितच दाखवतात. अशा सामासिक शब्दांपुढे निदान सांध्याची खूण तरी हवी : यंत्र-माग-धारक. नुसती अक्षरे मोजून शब्द हाती लागत नाही. सांधा दिसला, तर तो कसा म्हणायचा हे कळते, आणि त्यातला कोणता भाग किती खरे बोलतो, तेही तपासता येते.