नकल नेमकी कशाची?

मायक्रोसॉफ्टचे व्हिज्युअल बेसिक १९९१ साली आले आणि पडद्यावर बटणे मांडून प्रोग्रॅम तयार करणे शाळकरी मुलांच्याही आवाक्यात आले. त्याची सहावी आवृत्ती १९९८ सालची. या साधनाला दिला जाणारा आधार कंपनीने २००८ मध्ये थांबवला. तरी त्यातील एक दोष आजही तपासून पाहण्याजोगा आहे, कारण त्याचे खापर बहुधा विद्यार्थ्यावरच फुटत आले.

समजा, एक विद्यार्थी कॅल्क्युलेटरचा फॉर्म तयार करतो आहे. त्याने शून्याचे बटण मांडले, त्याची प्रोसीजर लिहिली, चालवून पाहिली. सारे ठीक. उरलेली नऊ बटणे पुन्हा कशाला काढायची, म्हणून तो पहिले बटण कॉपी करून पेस्ट करतो. लगेच प्रश्न येतो : या नावाचे कंट्रोल आधीच आहे, कंट्रोल अ‍ॅरे तयार करायचा आहे का?

त्याला हवे असते फक्त आणखी एक बटण. अ‍ॅरे हा शब्द त्याने कदाचित ऐकलेलाही नसतो. ‘होय’ म्हटले तर मघापर्यंत बिनतक्रार चालणारा प्रोग्रॅम चालवताच अडतो. प्रोसीजरची पहिली ओळ घटनेच्या वर्णनाशी जुळत नाही, असा संदेश येतो. ‘नाही’ म्हटले तर हुबेहूब दिसणारे बटण मिळते, पण ते दाबल्यावर काहीच होत नाही. दोन्हीकडून फसगत!

असे का होते? नकल होते ती गुणधर्मांची : आकार, रंग, बटणावरचा मजकूर. प्रोसीजर बटणाच्या पोटात नसतेच. ती फॉर्मच्या प्रोग्रॅममध्ये वेगळी असते आणि तिला बटणाशी जोडणारा धागा एकच, नाव. ‘कमांड१’ या बटणाची प्रोसीजर म्हणजे ‘कमांड१_क्लिक’. नव्या बटणाचे नाव ‘कमांड२’ झाले की त्याच्या नावाची प्रोसीजर अस्तित्वातच नसते. स्क्रॅचमध्ये मात्र स्प्राइटची नकल केली की तिच्या स्क्रिप्टही सोबत येतात. तिथून आलेल्या मुलाने इथेही तशीच अपेक्षा केली तर त्याचे काय चुकले?

‘होय’ म्हटल्यावर दोन्ही बटणांचे नाव एकच राहते. पहिल्याचा इंडेक्स ० होतो, दुसऱ्याचा १. आता कोणते बटण दाबले हे प्रोसीजरला कळायला हवे, म्हणून तिच्या कंसात इंडेक्स घ्यावा लागतो. जुन्या प्रोसीजरची ती ओळ मात्र हे साधन आपणहून बदलत नाही. माझा मुख्य आक्षेप इथे आहे. एवढा दूरगामी निर्णय विचारायचा, त्याचा परिणाम सांगायचा नाही, आणि परिणाम झाल्यावर दुरुस्तीही करायची नाही!

यावर वर्गात मिळणारा सोपा सल्ला म्हणजे ‘नेहमी नाही म्हणा’. तो मला पटत नाही. त्याने दहा अंकांसाठी दहा प्रोसीजर लिहाव्या लागतात. अ‍ॅरे केला तर एकच पुरते : खिडकीतल्या अंकांपुढे इंडेक्स जोडा, की झाले. बटणांवरचे अंक तेवढे हाताने बदलावे लागतात. म्हणजे कल्पना उत्तम होती, ती विचारण्याची रीत वाईट होती.

चुकून ‘होय’ म्हटलेच, तर नुसते नाव बदलून भागत नाही. नवे नाव दिले तरी इंडेक्स तसाच राहतो. गुणधर्मांच्या खिडकीत जाऊन तो पुसावा लागतो. मूळ बटणाचाही पुसायचा. मात्र त्या नावाचे दुसरे बटण उरलेले नसावे.

फ्रेमची गंमत आणखी निराळी. दोन प्रश्नांच्या चाचणीत प्रत्येकी चार पर्याय दोन फ्रेममध्ये ठेवले, तरी आठांपैकी एकच पर्याय निवडला जातो, असे कधी कधी दिसते. कारण पेस्ट करताना फ्रेम निवडलेली नसते, म्हणून ऑप्शन बटणे फॉर्मच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात येतात. ती ओढून फ्रेमवर नेली तरी मालकी फॉर्मचीच राहते, आणि फॉर्मच्या दृष्टीने तो एकच गट असतो. फ्रेम जरा सरकवून पाहावी. बटणे मागे राहिली तर ती तिची नव्हेत. अशी बटणे कट करावीत, फ्रेम निवडावी आणि मग पेस्ट करावीत. कट केल्यावर त्यांच्या प्रोसीजर नाहीशा झाल्या असे वाटते. प्रत्यक्षात त्या फॉर्मच्या सामान्य विभागात जाऊन बसलेल्या असतात, आणि त्याच नावाचे बटण परत आले की पुन्हा त्याला जोडल्या जातात.

२००२ च्या व्हिज्युअल बेसिक डॉट नेटमध्ये कंट्रोल अ‍ॅरे काढून टाकला गेला. तिथे कोणती प्रोसीजर कोणत्या बटणांसाठी आहे हे ‘हँडल्स’ या शब्दापुढे लिहावे लागते. एका प्रोसीजरपुढे दहा बटणांची नावेही चालतात. नवे बटण तिथेही आपणहून बोलत नाही, पण ते का बोलत नाही हे त्या ओळीवर बोट ठेवून मुलांना दाखवता येते.